फुंकल्याशिवाय चालू न होणारी गाडी

(मीरा-भाईंदर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषयाचा फलक दारात लागला तेव्हापासून दोघा-तिघांनी मला गाठून विचारले, 'मॅडम, हे इंटरलॉक म्हणजे नक्की काय? गाडीला लावायचे कुलूप का?' कुलूपच म्हणा. चालकाने आधी एका नळीत फुंकायचे. श्वासात दारूचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर इंजिन चालू होते, नाहीतर स्टार्टरला वीजच मिळत नाही. अमेरिकेत, स्वीडनमध्ये, फिनलंडमध्ये, फ्रान्समध्ये हे यंत्र कायद्यात शिरून बरीच वर्षे झाली. आपल्या कायद्यात ते अजून नाही. ते यावे का, आले तर कुणाच्या गाडीत आधी बसावे, आणि कायदा येईपर्यंत या शहराला काय करता येईल, एवढेच मी आज बोलणार आहे. मी मोटार अपघात दाव्यांत वकिली करते. त्यामुळे माझ्याकडे माणसे येतात ती अपघात होऊन गेल्यावर. आधीच्या गोष्टीवर बोलायची संधी आमच्या धंद्यात क्वचित मिळते.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणित शिकवत. तेव्हा हिशेबानेच सुरुवात करू.

मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 185 सांगते की 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे, किंवा चालवू पाहणे, हा गुन्हा आहे. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारण 42.8 टक्के अल्कोहोलची. साठचा एक पेग घेतला तर पोटात सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला तर रक्तातला आकडा 40 च्या आसपास चढतो. म्हणजे 'साहेब, एकच घेतलाय' हे वाक्य बचाव नाही, कबुलीजबाब आहे. बाईचे वजन कमी, शरीरातले पाण्याचे प्रमाणही कमी, म्हणून तेवढ्याच पेगला तिचा आकडा आणखी वर जातो.

आता क्वार्टर घ्या. 180 मिलिलिटर, म्हणजे 60 ग्रॅम अल्कोहोल. आकडा सव्वाशेच्या घरात. यकृत हे अल्कोहोल तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या वेगाने खाली आणते. कुणाचे 10 ने, कुणाचे 20 ने. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, यांतल्या कशानेही हा वेग वाढत नाही. झोप काढली तर माणसाला ताजेतवाने वाटते, पण रक्ताला त्याचे काही नसते. रात्री बाराला क्वार्टर संपवलेला माणूस सकाळी सहालासुद्धा कायद्याच्या मर्यादेबाहेर असू शकतो. आणि सकाळी सहाला आपल्या शहरात गाडी कोण काढतो? स्कूलबसवाला. दुधाचा टेम्पो. पाण्याचा टँकर. कचऱ्याची गाडी. ही माणसे पितात असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की नाकाबंदी रात्री उठते आणि यकृताचे काम सकाळपर्यंत चालू असते.

शिक्षेकडे वळू. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी हेच आकडे 2,000 आणि 3,000 होते. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा दंड वाढले म्हणून महाराष्ट्रात ओरड झाली, तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी अंमलबजावणी रोखली, आणि वाढीव दर लागू व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. पण ती सगळी चर्चा जागेवर भरायच्या तडजोड शुल्काची होती. 185 ची केस जागेवर मिटतच नाही. ती न्यायालयात जाते, पूर्वीही जात होती. आता तर आपल्या शहरातच न्यायालय झाले आहे. ठाण्याची खेप वाचली.

तुमच्यापैकी अनेकांनी काशीमीरा नाक्यावर किंवा गोल्डन नेस्ट सर्कलला रात्रीची नाकाबंदी पाहिली असेल. गटारी, धुळवड, एकतीस डिसेंबर हे तिचे सणवार. बॅरिकेड तिरके लावलेले असतात, म्हणजे गाडीचा वेग आपोआप कमी होतो. हवालदार आधी काच खाली करायला लावतो आणि दोन वाक्ये बोलायला लावतो. 'कुठून आलात? कुठे निघालात?' उत्तराशी त्याला देणेघेणे नसते, त्याला वास घ्यायचा असतो. कायदाही तसाच आहे: कलम 203 नुसार संशयाला वाजवी कारण हवे, मगच श्वासचाचणी. मग यंत्राला नवी नळी लागते. 'जोरात फुंका, सोडू नका, चालू ठेवा, चालू ठेवा.' लोक गाल फुगवतात आणि हवा नाकाने सोडतात. काही जण आत ओढतात. एखादा खोकल्याच्या औषधाचे नाव सांगतो, एखादा नगरसेवकाचे. यंत्र बीप करते, आकडा दाखवते, त्याची चिठ्ठी निघते, आणि त्या चिठ्ठीवर सही करताना माणसाचा आवाज पहिल्यांदा खाली येतो. नकार देऊनही सुटका नाही: कलम 205 प्रमाणे सबळ कारण नसताना चाचणी नाकारणे हे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून धरता येते. खोकल्याच्या औषधाबद्दल सांगायचे तर तोंडातले अल्कोहोल पंधरा मिनिटांत विरते. म्हणून थोडे थांबून पुन्हा फुंकायला लावावे. खरे बोलणाऱ्याला त्याने काही धोका नाही.

न्यायालयात या केसेस रांगेने येतात. पुकारा होतो, माणूस उभा राहतो, गुन्हा कबूल आहे का असे विचारले जाते, तो 'कबूल' म्हणतो, दंड भरतो, कधी कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा भोगतो आणि संध्याकाळी घरी जातो. बाहेर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न असतो, 'गाडी कधी सुटणार?' लायसनचा प्रश्न त्याला पडत नाही. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली नेमलेल्या न्या. के. एस. राधाकृष्णन समितीने 2015 मध्ये सर्व राज्यांना कळवले की अशा चालकाचे लायसन किमान तीन महिने निलंबित करा आणि पहिल्याच गुन्ह्याला कैदेची मागणी करा. निलंबनाचे आदेश निघतात, मी नाकारत नाही. पण निलंबित लायसनचा माणूस दुसऱ्या दिवशी गाडी चालवतो, कारण किल्ली त्याच्याच खिशात असते आणि पुढच्या तीन महिन्यांत त्याला कुणी थांबवून लायसन मागेल याची शक्यता नगण्य असते. आपली शिक्षा कागदावर कडक आहे आणि रस्त्यावर अनिश्चित. मला विचाराल तर दहाचे वीस हजार केल्याने काहीही फरक पडणार नाही. ज्याला पकडले जाण्याची भीती नाही, त्याला रकमेचीही नाही.

या शहराची एक खास अडचण आहे. राष्ट्रीय महामार्ग 48, जो जुन्या माणसांच्या तोंडी अजून आठ नंबर आहे, तो दहिसर चेकनाक्यापासून वर्सोवा खाडीपुलापर्यंत आपल्या हद्दीतून जातो. काशीमीऱ्यापासून घोडबंदरच्या फाउंटन नाक्यापर्यंत त्याच्या दोन्ही अंगांना लॉज आहेत, ऑर्केस्ट्रा बार आहेत, परमिट रूम आहेत. तिथे येणारा माणूस चालत येत नाही. पुढे फाउंटनवरून ठाण्याकडे वळलात की काजूपाडा आणि गायमुखचा चढ-उतार सुरू होतो, अवजड वाहने रात्रभर चालू असतात. पश्चिमेला उत्तनकडे गेलात तर समुद्रकाठची रिसॉर्ट आणि अरुंद रस्ता. लोकल रात्री एकच्या सुमारास बंद होते आणि पहाटे चारच्या आसपास सुरू होते. बार सुटायची वेळ आणि लोकल थांबायची वेळ यांची गाठ पडते, ती नेमकी चुकीच्या जागी.

दारूचा गुत्ता आणि महामार्ग यांची फारकत करायचा एक प्रयत्न या देशात झाला होता. चंदीगडचे हरमनसिंग सिद्धू 1996 साली हिमाचलमध्ये गाडी दरीत कोसळून कायमचे व्हीलचेअरवर आले. त्यांनी अराइव्ह सेफ ही संस्था काढली आणि महामार्गावरच्या दारूविक्रीविरुद्ध न्यायालयात गेले. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. 31 मार्च 2017 ला त्यात वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी 220 मीटरची सवलत आली. आणि जुलै 2017 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीतल्या परवान्यांना ही मनाई आड येत नाही. आपली महापालिका 28 फेब्रुवारी 2002 ची. म्हणजे आपला महामार्ग नागरी हद्दीतला, आणि आपले बार त्या मनाईतून मोकळे. शहरातल्या रस्त्यांवर वेग कमी असतो, असा त्यामागचा विचार असावा. काशीमीऱ्याच्या उड्डाणपुलावर रात्री एकला उभे राहून तो विचार कुणी तपासून पाहावा. मनाई पुन्हा आणा असे मी म्हणत नाही. परवाना हलला की गिऱ्हाईक आणखी लांब गाडी चालवत जाते. बारला हात लावून प्रश्न सुटला नाही आणि माणसाला दंड करूनही सुटला नाही, तर तिसरी वस्तू उरते ती गाडी.

गाडीकडे येण्याआधी पुराव्याबद्दल थोडे बोलते, कारण शिक्षा शेवटी पुराव्यावर उभी असते. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के, म्हणजे आपल्या हिशेबाने 112 मिलिग्रॅम अल्कोहोल सापडले. सत्र न्यायालयाने एप्रिल 2007 मध्ये सहा महिन्यांची शिक्षा दिली, लोक खवळले, उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षे केली, आणि 12 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे कायम केली. अलिस्टर परेरा खटला म्हणून तो आम्हा वकिलांच्या रोजच्या बोलण्यात आहे. तो टिकला त्याचे एक कारण म्हणजे रक्ताचा नमुना वेळेत घेतला गेला होता.

आता 2024 पाहा. 19 मे, पुण्याचे कल्याणीनगर, पोर्शे गाडी, दोन तरुण अभियंते ठार, चालक अल्पवयीन. त्याला जामीन देताना घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट सगळ्यांना पाठ आहे. माझ्या मते त्याहून गंभीर आहे तो रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप. त्यात डॉक्टरांना अटक झाली आणि प्रकरण न्यायालयात आहे. त्यानंतर दीडच महिन्याने, 7 जुलैला, वरळीत बीएमडब्ल्यूने दुचाकीवरच्या पती-पत्नीला उडवले, पत्नी गेली, आणि संशयित चालक हाती लागला तो 9 जुलैला, विरारला. मघाचा हिशेब आठवा. एवढ्या तासांनी रक्तात काय उरणार? कायद्याला अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी हवी असते. पण अटकच दोन दिवसांनी झाली तर दोन तासांचा उपयोग काय? आपल्या कायद्याने पळून जाणाऱ्याला नकळत बक्षीस ठेवले आहे. केंद्राच्या अहवालात 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली. त्यांतले दारू-अमली पदार्थांच्या खात्यावर 4,201. अडीच टक्के. हा आकडा वाचून कुणी समाधान मानू नये. ज्याची चाचणी झाली नाही तो या खात्यात मोजलाच जात नाही, तो 'अतिवेग' या खात्यात जातो.

आणि कुटुंबाला काय होते ते सांगते, कारण याची वाच्यता कुणी करत नाही. माझ्याकडे बायका येतात, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि पॉलिसीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. तो दुचाकीवरून रात्री परतत होता, दुभाजकावर आदळला. दुसरे वाहन नाही. अपघात स्वतःच्या चुकीने झाला तर वारसांना चुकीवर आधारलेला भरपाईचा दावा मिळत नाही. मग उरते मालक-चालकाचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात कवच. पण चालक दारूच्या अमलाखाली असल्यास ते मिळत नाही, अशी अट त्यातच असते. शवविच्छेदनाच्या कागदावर एक ओळ असते आणि तिथे सगळे संपते. समोरच्याला इजा झाली असेल तर विमा कंपनी त्याला पैसे देते आणि ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे दादरच्या किंवा भाईंदरच्या खोलीवर टाच. दहा हजार दंड ऐकून हसणाऱ्यांनी ही शिक्षा मोजलेली नसते. ती दुसऱ्याच माणसाला भोगावी लागते.

आता यंत्र. कल्पना नवी नाही. अमेरिकेत बोर्ग-वॉर्नर कंपनीने 1969 च्या सुमारास पहिला नमुना तयार केला. कॅलिफोर्नियाने 1986 मध्ये कायदा करून प्रयोग सुरू केला. 2005 मध्ये न्यू मेक्सिको हे पहिल्याच गुन्ह्याला इंटरलॉक सक्तीचे करणारे पहिले राज्य ठरले. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपात कायदा आहे. आत असतो एक फ्युएल सेल: प्लॅटिनमच्या पत्र्यांवर श्वासातले अल्कोहोल जळते, त्यातून वीज निर्माण होते, आणि जितके अल्कोहोल तितकी वीज. नाक्यावरच्या हवालदाराच्या हातातल्या चांगल्या यंत्रातही हेच तत्त्व असते. फरक एवढाच की हे यंत्र डॅशबोर्डखाली इग्निशनला जोडलेले असते.

लगेच मनात येते की मित्राला फुंकायला लावले तर? ही शंका त्यांच्याकडेही आली. म्हणून अनेक यंत्रांत फुंकायची एक ठरावीक लय असते, फुंकताना गुणगुणावे लागते किंवा फुंकून आत ओढावे लागते. फुगा किंवा पंप लावून काम होत नाही. अनेक ठिकाणी कॅमेरा फुंकणाऱ्याचा फोटो काढतो. आणि गाडी चालू झाल्यावर काही मिनिटांनी, मग मधून मधून, यंत्र पुन्हा फुंकायला सांगते. म्हणजे बारबाहेर उभ्या मित्राने एकदा फुंकून भागत नाही, त्याला घरापर्यंत सोबत यावे लागेल. आणि मग गाडी त्यानेच चालवली तर काय बिघडले? चालत्या गाडीत फुंकण्यात नापास झालात तर इंजिन बंद पडत नाही, ते महामार्गावर घातक ठरेल. हॉर्न वाजतो, दिवे लुकलुकतात आणि नोंद होते. दर महिन्या-दोन महिन्यांनी यंत्र तपासणी केंद्रात न्यावे लागते, तिथे नोंदी उतरवून घेतात, न्यायालयाला किंवा परवाना खात्याला कळवतात. भाडे गुन्हेगाराच्या खिशातून.

मला यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती वेगळीच. यात माणसाचा रोजगार जात नाही. स्वीडनने 2012 पासून दोषी चालकाला पर्याय दिला: लायसन सोड, नाहीतर एक-दोन वर्षे इंटरलॉक लावून चालव. न्यू जर्सीत आपली किती मराठी कुटुंबे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे डिसेंबर 2019 पासून पहिल्या गुन्ह्यात आकडा 0.08 ते 0.10 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर यंत्र बसवले की लायसन परत मिळते आणि तीन महिने ते यंत्र वापरावे लागते. घरातल्या दुसऱ्या माणसालाही त्याच गाडीत फुंकावे लागते, म्हणजे बायकोला रोज सकाळी आठवण. शिवाय अमेरिकेचे परराष्ट्र खाते 2015 पासून अशा अटकेवर व्हिसा रद्द करू लागले आहे. त्या देशात नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलांना या गोष्टी कुणीतरी जाण्याआधी सांगायला हव्यात.

परिणाम किती? अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते की यंत्र बसलेले असेपर्यंत पुन्हा पिऊन गाडी चालवण्याचे प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी घटते. 'असेपर्यंत' या शब्दाकडे लक्ष द्या. यंत्र काढले की परिणाम ओसरतो. यंत्र व्यसन सोडवत नाही, गाडी आणि बाटली यांची गाठ पडू देत नाही, एवढेच त्याचे काम. आणि अमली पदार्थांपुढे ते आंधळे आहे. एमडीची पुडी घेऊन फुंकणाऱ्याला ते मुकाट्याने गाडी चालू करू देईल.

मग सगळ्याच गाड्यांना लावा ना, असे म्हणणारा एक जण प्रत्येक सभेत असतो. 1974 च्या मोटारींना अमेरिकेत सीटबेल्टचा इंटरलॉक होता: बेल्ट लावल्याशिवाय गाडी चालू होत नसे. सीटवर ठेवलेल्या भाजीच्या पिशवीलाही यंत्र प्रवासी समजे. लोक इतके भडकले की त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने त्या सक्तीवरच बंदी घातली. युरोपने आता सबुरीचा मार्ग घेतला आहे: जुलै 2024 पासून तिथल्या प्रत्येक नव्या गाडीत इंटरलॉक बसवता येईल अशी जोडणी तयार हवी, प्रत्यक्ष यंत्र सर्वांना नाही. फ्रान्सने सप्टेंबर 2015 पासून ते सर्व प्रवासी बसना लावले. फिनलंडने 2011 मध्ये शाळेच्या वाहतुकीला. आधी परक्याचा जीव ज्यांच्या हाती सोपवतो त्यांच्यापासून. हाच क्रम मला पटतो.

आपल्याकडचा आक्षेप मात्र वेगळा आहे आणि खरा आहे. आपण व्यावसायिक वाहनांना स्पीड गव्हर्नर सक्तीचा केला. तो फिटनेसच्या दिवशी चालतो आणि फाटकाबाहेर आला की बंद पडतो. पीयूसी कशी मिळते ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तपासणी केंद्रच विकले गेले तर इंटरलॉक म्हणजे डॅशबोर्डवरचा आणखी एक देव. म्हणून मी दहा हजारांचा दंड कमी करायला तयार आहे, पण नोंदींची छाननी पोलीस आणि आरटीओ यांच्यापैकी एकानेच, नाव घेऊन, करावी. आता मीरा-भाईंदरला एमएच-58 हे स्वतःचे आरटीओ कार्यालय मंजूर झाले आहे, एक ऑक्टोबर 2020 पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालयही आहे. कार्यालये कमी पडत नाहीत.

दुसरी अडचण दुचाकीची. 2022 मध्ये रस्त्यावर मेलेल्यांत 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे होते. आपल्या शहरातले रात्रीचे अपघात आठवा, ते बहुतेक दुचाकीचे. स्कूटरला इंटरलॉक बसवणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण व्यवहारात मी त्यावर पैज लावणार नाही. तिथे नाकाबंदीला पर्याय नाही, आणि ती पहाटे साडेपाचलाही हवी.

कायद्याने काय करता येईल? गाडीत कोणते उपकरण असावे याचे नियम कलम 110 प्रमाणे केंद्र करते, राज्याला तो हात मोकळा नाही. पण शाळेच्या बसबाबत महाराष्ट्राचे 2011 चे स्वतंत्र नियम आहेत, त्यात दुरुस्ती मुंबईत होऊ शकते. परवान्याच्या अटी प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाच्या हातात असतात. आणि कलम 188 मध्ये पिऊन चालवणाऱ्याला मदत किंवा चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. ते कलम अडगळीत पडले आहे. जपानने 2007 पासून चालकाला दारू देणारा, गाडी देणारा आणि शेजारी बसणारा या तिघांनाही दोषी धरले. आपल्याकडे मालक 'ड्रायव्हरने काय केले मला काय माहीत' म्हणतो आणि आपण मान डोलावतो.

यंत्राची वाट पाहायचीही गरज नाही. रेल्वेचा लोको पायलट लॉबीत हजेरी लावताना फुंकतो, ड्युटी संपताना पुन्हा फुंकतो. वैमानिक उड्डाणाआधी फुंकतो, आणि तिथे मर्यादा शून्य. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा परवाना जातो. त्यात कुणी अपमान मानत नाही. मग चाळीस मुलांना घेऊन जाणाऱ्या बसच्या चालकाला गेटवर फुंकायला लावणे हा अपमान कसा? यंत्राची एक नळी लागते, आणि वहीत एक ओळ.

महापालिकेची बससेवा ठेक्यावर चालते, कचऱ्याच्या गाड्या ठेक्यावर, टँकर ठेक्यावर. करारात अट घालायला दिल्लीला जावे लागत नाही. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात आपल्या शहराचा भाग येतो, त्यामुळे शालेय बसच्या नियमांत दुरुस्तीची मागणी इथूनच, लेखी, जायला हवी. मसुदा मी विनामूल्य करून देईन. पण ते होईपर्यंत तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. शाळेच्या परिवहन समितीत पालकांचा प्रतिनिधी असतो, त्याचे नाव उद्या शाळेत विचारा. आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत टँकरच्या करारात सकाळच्या श्वासचाचणीची अट घालायचा ठराव मांडा. सूचक मिळतो, अनुमोदक शोधावा लागतो. तो आजच, इथून बाहेर पडतानाच, शोधून ठेवा.